ओळखीच्या खुणा : मराठवाड्यातील वेष, नाव आणि जात

मनुष्य मनुष्याला भेटला की प्रथम तो त्याची ओळख पटवू पाहतो. आपल्या देशात ही ओळख बहुधा व्यक्तीची नसते, तिच्या जातीची असते. समोरच्याच्या डोईवर काय आहे, अंगावर काय आहे हे पाहावे, त्याच्या तोंडची दोन वाक्ये ऐकावीत, आणि तरीही उलगडा झाला नाही तर ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ असे हळूच विचारावे, ही रीत आपणां सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. मनाशी एकदा निर्णय झाला की पुढचे बोलणे, बसावयास देणे, पाणी विचारणे हे सर्व त्या निर्णयाप्रमाणे चालते. हा निर्णय ज्या खुणांवर उभा असतो त्या खुणा आल्या कोठून, त्या किती खऱ्या आणि त्यांच्यापायी कोणाचे काय झाले, याचा थोडासा इतिहास प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

नामदेव शिंपी समाजाच्या स्मरणिकेत हा विषय का, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या वस्त्रांवरून लोक एकमेकांची जात ओळखीत आले, त्यांपैकी पुष्कळशी वस्त्रे आपल्या पूर्वजांनी बेतली आणि शिवली. बाराबंदी कोणाची, बंडी कोणाची, शेरवानी कोणाची, चोळीचा खण कोणत्या घरचा, हे शिंप्याच्या ओट्यावर जितके कळे तितके चावडीवरही कळत नसे. तेव्हा या बाबतीत साक्ष देण्याचा अधिकार आपल्या समाजाइतका क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

आमचे रेणापूर हे लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरील रेणुकादेवीचे गाव. ज्या हैदराबाद संस्थानात हा मुलूख १९४८ पर्यंत होता, त्याचे जिल्हे सोळा. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. दरबारची भाषा उर्दू. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. अशा तिठ्यावरील मुलुखात आठवडी बाजार भरला म्हणजे मराठा व धनगर, लिंगायत वाणी, तेलंगणातून आलेले कोमटी, मारवाडी, तांड्यावरचे लमाण, वडार, कैकाडी, मोमीन, बागवान, तांबोळी असे नाना लोक एकाच धुळीत उभे असत. कित्येकांच्या घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. ज्याला देवघेव करावयाची त्याला समोरचा कोण हे ताडणे भागच होते. उधारी कोणाला द्यावी, कोणत्या बोलीत बोलावे, रामराम घालावा की सलाम करावा, हे त्यावर अवलंबून असे. ताडण्याची ही कला तेवढ्यापुरती निरुपद्रवी होती, किंबहुना सौजन्याची होती. मुसलमान गिऱ्हाइकाला सलाम आणि वारकऱ्याला ‘रामकृष्ण हरी’ म्हणणारा दुकानदार कोणाचेच वाईट करीत नव्हता.

परंतु खुणांची दुसरी बाजू अशी की, त्या सर्वच लोकांनी आपखुशीने धारण केलेल्या नव्हत्या. लिंगायताच्या गळ्यातील इष्टलिंग, वारकऱ्याची तुळशीमाळ, लमाण स्त्रीचा आरशांनी मढविलेला घागरा या आपापल्या श्रद्धेच्या किंवा हौसेच्या खुणा होत. उलट कित्येक खुणा वरून लादलेल्या होत्या. पेशवाईत सोनारांनी ब्राह्मणांसारखे धोतर नेसू नये आणि परस्परांस ‘नमस्कार’ म्हणू नये असा निर्बंध पुण्याच्या दरबाराने घातला होता. त्याची अंमलबजावणी मुंबईतही व्हावी अशी मागणी झाली, तेव्हा १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना तशी ताकीद दिली. एका जातीचे धोतर दुसऱ्या जातीने नेसले तर राज्यकर्त्यांना त्यात दखल घ्यावीशी वाटली, याचा अर्थ उघड आहे. धोतराने जात आपोआप कळत नव्हती. ती कळावी म्हणून धोतरावर पहारा बसवावा लागत होता.

हा पहारा किती कच्चा होता याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. १९०१ साली ते, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे अशी मुले वडिलांना भेटण्यासाठी निघून सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर उतरली. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते, डोक्यावर जरीच्या टोप्या होत्या. न्यावयास कोणी आले नाही असे पाहून स्टेशनमास्तरांना दया आली. कपड्यांवरून ही मुले ब्राह्मणाची असावीत असा त्यांनी तर्क केला होता. मुलाच्या तोंडून ‘महार’ हा शब्द निघताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरले. गाडीवानांपैकी कोणी गाडी हाकावयास तयार होईना. अखेरीस दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान बरोबर पायी चालला. मुले तीच, कपडे तेच, स्टेशन तेच. एका शब्दापूर्वी ती दयेला पात्र होती आणि शब्दानंतर राहिली नाहीत.

दुसरी आठवण तर आपल्या मराठवाड्यातीलच आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्यांकडे जात असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाज्याजवळच्या टाक्यावर हातपाय धुतले. त्या वेळी कोणी अडविले नाही, कारण अंगावरच्या वेषावरून काहीच ओळखू येत नव्हते. थोड्या वेळाने एक वृद्ध मुसलमान ‘यांनी पाणी बाटविले’ असे ओरडत धावून आला आणि जमाव जमला. शेवटी पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखविण्यात आला. विटाळ पाण्यात नव्हता. तो कानांवर पडलेल्या बातमीत होता.

या दोन प्रसंगांच्या दरम्यान, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, तेव्हा ती खूण पुसून टाका, वरिष्ठ वर्गातील स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा आणि हातांपायांतील जड चांदीचे दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले. लुगड्याच्या नेसणीत समाजक्रांती असते हे पुस्तकी पंडितांना उशिरा कळले असेल, शिवणाऱ्याला आणि नेसणारीला ते आधीपासून ठाऊक होते. येथे एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे. माप घेणे म्हणजे अंगाला हात लावणे. त्यामुळे अस्पृश्यतेची बाधा आपल्या धंद्यालाही झालेली होती. अमुक गिऱ्हाइकाचे माप दुरून घ्यावे, अमुकाचे घेऊच नये, असा व्यवहार शिंप्यांच्या ओट्यांवरही चाले. संतशिरोमणी नामदेवांचे नाव सांगणाऱ्या समाजाने हे झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही.

वेष विश्वसनीय नसेल तर नाव तरी विश्वसनीय असावे, अशी लोकांची समजूत असते. तीही तपासून पाहू. पाटील, देशमुख, इनामदार, चौधरी ही मुळात वतनांची आणि अधिकारांची नावे. पाटील मराठा असेल, लिंगायत असेल, जैन असेल, माळी असेल, मुसलमानही असेल. देशमुखांचीही तीच गोष्ट. जाधव, चव्हाण, पवार ही कुळे मराठ्यांत आहेत तशी लमाणांत आहेत आणि इतर कित्येक जातींतही आहेत. गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले आणि गायकवाड नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातही अग्रभागी उभे राहिले. नांदेडकडील ज्या आडनावांच्या शेवटी ‘वार’ येते, त्यांतील हा ‘वार’ तेलुगू भाषेतील ‘वारु’ या आदरार्थी प्रत्ययाचा अवशेष होय. त्यावरून घराण्याचे मूळ तेलंगणाकडे असावे एवढे कळते, जात मात्र कळत नाही, कारण तो कोमट्यांत आहे तसा पद्मशालींतही आहे. ‘कर’ जोडलेले आडनाव तर केवळ गाव सांगते. रेणापूरकर म्हटल्याने रेणुकादेवीच्या गावचा एवढाच बोध व्हावा.

बोलीचेही असेच आहे. ‘पाणी’ म्हणणारा एका वर्गातला आणि ‘पानी’ म्हणणारा दुसऱ्या, असा निवाडा आपल्याकडे सर्रास केला जातो. वस्तुतः ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद पुष्कळ अंशी प्रदेशाचा आणि शाळेचा आहे. ज्या घरात दोन पिढ्या शाळेत गेल्या त्या घरात ‘ण’ येतो, मग ते घर कोणाचेही असो. शिक्षकाच्या डोळ्यांदेखत हा फरक एका पिढीत घडतो.

चेहऱ्यावरून जात ओळखता येते, असे म्हणणारेही पुष्कळ. या समजुतीला एके काळी शास्त्राचा वेष चढविण्यात आला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त सर हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि उंची मोजून त्यांच्या प्रमाणावरून जातींचा क्रम लावता येतो असे प्रतिपादन केले. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा त्यांचा सिद्धांत. पुढे नाकांच्या मापांचे आकडे घेऊनच डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात हा सिद्धांत खोडून काढला. आपल्या इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रात गावोगाव हिंडून मापे घेतली. एकाच धंद्याच्या नावाखाली मोजल्या जाणाऱ्या जाती एकाच मुळाच्या असतातच असे नाही, हे त्यांच्या संशोधनाचे एक महत्त्वाचे सूत्र होते. रिस्ले यांनी जातींचा सामाजिक श्रेष्ठकनिष्ठ क्रम छापण्याचे ठरविल्यावर देशभरातून अर्जांचा पाऊस पडला आणि ते अर्ज करण्यासाठी कित्येक जातिसंघटना उभ्या राहिल्या. आजच्या अनेक ज्ञातिसंस्थांचा वंशवृक्ष त्या काळापर्यंत पोहोचतो, हे स्मरणिका वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ओळखीच्या खुणेची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. टोपीचाच विचार करा. तुर्कस्थानच्या सुलतान दुसऱ्या महमूदाने १८२९ साली सरकारी नोकरांना फेज टोपी सक्तीची केली, ती धर्म आणि दर्जा यांचे भेद डोक्यावरून दिसू नयेत म्हणून. १९२५ साली केमाल पाशाच्या राजवटीत तीच टोपी कायद्याने बंद झाली. आपल्याकडे ती ‘रुमी टोपी’ या नावाने आली आणि भेद झाकण्याऐवजी भेद दाखविण्याची खूण होऊन बसली. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीतले हिंदूही शेरवानी घालीत. शेरवानी हा दरबारचा वेष होता, धर्माचा नव्हे. परंतु १९४७-४८ च्या धामधुमीत एवढा विवेक कोणी करीत नव्हते. लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांच्या दृष्टीने पांढरी टोपी म्हणजे स्टेट काँग्रेसचा माणूस; ती घालून वाटेने जाणे धोक्याचे झाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली, आणि त्यानंतर वारे उलटे फिरले. आता दाढी, तहमत आणि रुमी टोपी यांवरून माणसे हेरली जाऊ लागली, आणि रझाकारांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता असे कित्येक निरपराध मुसलमान बळी पडले. केंद्र सरकारच्या वतीने पाहणीस आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वांत अधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांची नावे घातली. त्या काळी आपले लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. जी शेरवानी शिंप्याने सणासाठी शिवली, तीच अंगावर असणे हा अपराध ठरला.

युरोपात याच सुमारास आणखी भयंकर प्रकार घडला. ज्यूंची वंशगत वैशिष्ट्ये चेहऱ्यावर स्पष्ट दिसतात असा नाझी जर्मनीचा डांगोरा होता. तरीही सप्टेंबर १९४१ मध्ये प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळी चांदणी शिवून घेतली पाहिजे असे फर्मान काढावे लागले. चेहऱ्याने ओळख पटत असती तर कापडाच्या तुकड्याची गरज काय होती? द्वेषाला शेवटी सुईदोरा उसना घ्यावा लागला, हे सुईदोऱ्यावर जगलेल्या समाजाने विसरू नये.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. ‘शिंपी’ हा शब्द ऐकला की लोकांना वाटते, जात कळली. परंतु शिवणकाम हा धंदा. तो करणारे नामदेव शिंपी आहेत, जैन शिंपी आहेत, शिवशिंपी आहेत, तेलंगी मेरू आहेत आणि मुसलमान दर्जीही आहेत. उलट नामदेव महाराजांना मानणारे कित्येकजण आपल्याला दिसूनही ओळखू येत नाहीत. नामदेवांचा जन्म परंपरेप्रमाणे १२७० चा, हिंगोली जिल्ह्यातील नरसी या गावचा. उत्तरायुष्यात ते पंजाबात गेले; गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे स्थान. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातील छींबा मंडळी त्यांना आपला पूर्वसूरी मानतात. नांदेडच्या हजूरसाहिबला आलेला एखादा पगडीधारी वृद्ध पाहून आपण ‘पंजाबी’ म्हणून बाजूला होतो, आणि तो मात्र पुढे नरसीच्या वाटेला लागलेला असतो. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा ही नातेसंबंधाची जाणीव पुष्कळांना प्रथमच झाली. नामदेवांना स्वतःला जातीवरून देवळातून उठविण्यात आले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा गुरुग्रंथसाहिबातील त्यांच्या पदात आहे. मराठी परंपरा ती औंढा नागनाथची म्हणून सांगते.

तर्काने ठरलेली जात पुढे कागदावर चढली म्हणजे काय होते, याचा अनुभव आज घरोघर येत आहे. इतर मागास वर्गातील जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव दिनांक महाराष्ट्रात धरली जाते. त्यापूर्वीची शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतील किंवा महसुली दप्तरातील नोंद हा मोठा पुरावा. परंतु ती नोंद लिहिणारा कोण? उर्दू दप्तरातील कारकुनाला शिंप्यासाठी ‘दर्जी’ हा शब्द सहज सुचणार. गुरुजींपुढे मुलाला घेऊन आलेला अडाणी बाप केवळ ‘हिंदू’ म्हणून मोकळा होणार. आज नातवाचा प्रवेश त्या एका शब्दावर अडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या संदर्भात निर्णय काढल्यापासून निजामी नोंदींची चर्चा प्रत्येक पारावर चालू आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. इतकेच म्हणावयाचे की, जुन्या नोंदी वाचताना त्या देवाच्या हातच्या नाहीत, कोणा तरी मनुष्याने पाहून, ऐकून किंवा अंदाजाने लिहिलेल्या आहेत, हे भान सर्वच समाजांनी ठेवावे.

सर्व जातींची संपूर्ण गणना १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. येत्या गणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरला आहे. समाजबांधवांना विनंती अशी की, प्रगणक दाराशी येईल तेव्हा आडनाव पाहून त्याने तर्क करू नये म्हणून घरातील जाणत्या व्यक्तीने, मग ती स्त्री असो वा पुरुष, आपली जात आपल्या तोंडाने, एकाच नावाने आणि एकाच लेखनाने सांगावी. जुनी कागदपत्रे मिळतील तितकी आजच काढून ठेवावीत. स्वतःची ओळख स्वतः सांगणे हा हक्क आहे. ती दुसऱ्याने हेरून काढणे, आणि हेरून काढल्यावर तिच्याप्रमाणे मनुष्याचे मोल ठरविणे, ही निराळी गोष्ट आहे. या दोहोंतील अंतर ओळखता आले तर ज्ञातिसंस्थांचे अस्तित्व सार्थ. न आले तर रिस्ले यांच्या नाक मोजण्याच्या पट्टीत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

हे लिहिण्याचे प्रयोजन आजचेच आहे. आता सर्वांच्या अंगावर तयार कपडे आले. शर्ट-पँट, पंजाबी ड्रेस यांवरून कोणाला काही ओळखू येत नाही, आणि शिंप्याचा धंदा त्यात निम्मा गेला असला तरी ही एक गोष्ट चांगली झाली. परंतु वेषाची खूण नाहीशी झाली तेव्हा चौकशीची जीभ अधिक धारदार झाली. शिक्षणासाठी लातुरात खोली शोधणाऱ्या मुलाला आधी आडनाव, मग गाव, मग ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ असे प्रश्न येतात, आणि उत्तराअंती खोली ‘कालच भाड्याने गेलेली’ असते. विचारणाऱ्यांत आपलेही बांधव असतात आणि नकार ऐकणाऱ्यांतही. घरमालकाने भाडे वेळेवर मिळेल का आणि मुलगा अभ्यासू आहे का, एवढे विचारावे. त्यापलीकडचे कुतूहल आवरावे, इतकी अपेक्षा या समाजाच्या व्यासपीठावरून करण्यास हरकत नसावी. शिंप्याच्या फितीवर इंचांच्या खुणा असतात. ती कोणाच्याही छातीभोवती गुंडाळली तरी इंच तेवढेच भरते.

मंगळवेढ्यास १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून तिच्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणण्यासाठी नामदेव महाराज तेथे गेले, असे वारकरी परंपरा सांगते. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे. त्यांत चोखोबांची कोणती, हे वेषावरून, नावावरून किंवा नाकाच्या मापावरून कळण्याचा संभव नव्हता. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येईल त्या चोखोबांच्या, अशी खूण नामदेवांनी धरली, एकेक अस्थी कानाशी लावून पाहिली, आणि त्या आणून महाद्वारी समाधी बांधविली. पंढरपूरच्या महाद्वाराशी चोखोबांची समाधी आणि नामदेवांची पायरी आजही एकमेकींजवळ आहेत. आपल्या समाजातील जो जो वारीस जाईल त्याने पायरीवर माथा टेकताना समोरच्या समाधीकडेही पाहावे, आणि नामदेवांनी माणूस कसा ओळखला ते मनात आणावे.